हळदीच्या वावरात अडकलेलं विमान

पांगरवाडीच्या ग्रामसेविकेला, कोमलला, गावानं कधी साहेबीण म्हणून मोजलंच नाही. ती हट्ट्याहून स्कूटीवर यायची, ओढणी कमरेला खोचून पाण्याच्या टाकीवर चढायची आणि खाली उतरली की ज्याच्या घरी चूल पेटलेली दिसेल तिथं चहा घ्यायची. मनात देवाचं नाव आणि तोंडात गावाची कामं. माणूस सरळ, पण राग आला की शब्द आधी निघायचा आणि विचार मागून धावत यायचा.

तीन वर्षांपूर्वी तसंच झालं. ती नुकतीच रुजू झाली होती. ग्रामसभा खंडोबाच्या देवळात भरलेली. टेकडीवरच्या धनगरवस्तीतली शालूबाई उभी राहून म्हणाली, "मॅडम, आमच्या वस्तीला नळ कवा येनार?"

"येईल मावशी, नक्की येईल."

खांबाला टेकून बसलेला पुंजाजी हसला. गावात सगळ्यात चांगली हळद त्याची, आणि सगळ्यात तिखट जीभही त्याचीच. "असं म्हणनारे लई पाहिले आमी. बदली झाली की पाखरू भुर्र! खरंच करायचं आसंल तर उचला बेलभंडारा."

सभा खदाखदा हसली आणि कोमलला ते झोंबलं. तिनं हात धुतले, देवापुढचा बेल आणि भंडारा ओंजळीत घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वस्तीवर नळाला पाणी येईस्तोवर मी हे गाव सोडणार नाही."

आपल्याकडं भंडारा उचलला की विषय संपला. मग कोर्ट नको नि कचेरी नको.

कामाला ती लागलीच. विहीर झाली, टाकी झाली, पाइप ओढ्यापर्यंत आला आणि तिथंच बसला. पुढं पुंजाजीचं वावर. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला ओढ्याचा ढासळता काठ, वाट काय ती वावरातूनच. पुंजाजीचं उत्तर ठरलेलं : "हळद निघाल्यावर बघू." हळद निघायची, मग शिजवायची, मग वाळवायची, मग बेणं निवडायचं, तोवर पुन्हा लागवड. तीन वर्षांत त्याला बघायला सवड काही मिळाली नाही.

मधल्या काळात पंचायत समितीतल्या साहेबांनी कोमलला एक माहिती दिली. विकसनशील देशांतल्या सरकारी नोकरांसाठी नेदरलँडमध्ये शिष्यवृत्ती होती. पाणीपुरवठ्याचं मोठं शिक्षण. फी, विमान, राहणं-खाणं सगळं त्यांच्याकडून. अट एकच, शिकून परत आपल्या नोकरीवर यायचं. कोमलनं अर्ज केला. तिचा नवरा शिवहार वसमतला शाळेत मास्तर. त्यानं तिच्याकडून इंग्रजी अशी घोटून घेतली, की ती भाजीवालीलाही 'थँक यू' म्हणायला लागली. तरी पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. दुसऱ्या खेपेला पास झाली.

मुलाखत फोनवरच झाली. तिकडच्या बाईंनी विचारलं, तुमचं सगळ्यात मोठं काम कोणतं? कोमल म्हणाली, "एक नळयोजना. अजून अपुरी आहे." बाई हसल्या. "अपुरं काम सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच," म्हणाल्या.

आणि ज्येष्ठात निवड झाल्याचं कळलं. ऑगस्टच्या शेवटाला तिकडं हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. कोमलनं देवाला हात जोडले आणि हात जोडलेले असतानाच तिला आठवलं. भंडारा!

जायचं होतं तिला. खोटं कशाला बोला. सासूबाईंनी पहिलीतल्या नातीला सांभाळायचं कबूलही केलं होतं.

शिवहारच्या पोटात काही राहत नाही. त्यानं हॉटेलात चहा पिता पिता सांगून टाकलं आणि दुपारपर्यंत अख्खी पांगरवाडी पंचायतीत हजर.

सरपंच माणिकरावांकडं उपाय तयार होता. "मॅडम, टँकर आनू, वस्तीवर नळ उभा करू, त्यात वरून पानी सोडू, फोटो काढू. झालं काम!"

"आणि खंडोबाला काय फोटो दाखवायचा का?" कोमल म्हणाली. हशा पिकला.

मग खुद्द पुंजाजी आला. टोपी हातात. "पोरी, उचला म्हनलं ते म्या. म्याच मोकळं करतो तुला. जा बिनघोर."

"मामा, बोललात तुम्ही, पण उचलला मी. तोही देवापुढं. तुम्ही कसं मोकळं करणार?"

त्या दिवसापासून पुंजाजीला गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. पारावर गेला तर पोरं म्हणायची, "मामा, मॅडमचं विमान तुमच्या हळदीत अडकलं म्हनं! पंखा दिसून राहिला का?" दुकानात गेला तर दुकानदार विचारायचा, "विमानाला पेंड घालता का कडबा?" पुंजाजी चिडायचा, पण वावराचा हट्ट काही सोडायचा नाही.

कोमलच्या मनात आलं, हा माणूस वाईट नाही. उन्हाळ्यात गावाच्या बोअरला स्वतःची मोटर देणारा हा माणूस. मग वस्तीवरच राग काहून? तिनं त्याच्या बायकोला, मंजुळाबाईला गाठलं. मंजुळाबाई हळदीत खुरपत होती. कोमलही खुरपं घेऊन शेजारच्या वाफ्यावर बसली.

"हळदीचं निस्तं निमित्त हाय बाई," मंजुळाबाई हळूच म्हणाली. "शालूबाईची मेंढरं दर साली आमच्या वावरात बसायची. एका साली तिनं ती माणिकरावाच्या वावरात नेली. तवापून ह्यांचं टाळकं फिरलं. म्हनतात, वस्तीचं नावच काढू नको."

पीक निघाल्यावर मेंढरांचा कळप रात्रीचा वावरात बसवतात. लेंडीखतानं जमिनीला जोर येतो, आणि मालक धनगराला धान्य देतो. तो मान आपला, असं पुंजाजी धरून बसला होता. पण हे त्यानं शालूबाईला कधी बोलून दाखवलं नव्हतं. रुसला होता, आणि ज्याच्यावर रुसला त्याला त्याचा पत्ताच नाही!

कोमल तडक टेकडी चढून गेली. शालूबाईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आगं बाई! यवढ्यासाठी माझ्या सुना घागरी वाहून राहिल्या व्हय?" पदर खोचून ती जी निघाली, ती थेट पुंजाजीच्या बांधावर.

"भावजी, मेंढरांसाठी रुसले म्हनं?"

पुंजाजीनं बायकोकडं डोळे वटारून पाहिलं. मंजुळाबाई खाली मान घालून गवत उपटत राहिली, गवत नव्हतं तिथलंही.

"मंग? आमचं वावर वंगाळ झालं होतं का?" पुंजाजी म्हणाला.

"त्या साली कारभारी गेले माझे. घरात दाना न्हवता. तुमच्या दारात आले, ज्वारी आगुदर द्या म्हनलं. तुमी काय म्हनलात, ध्यानात हाय का?"

पुंजाजी आठवायला लागला. आठवलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हनलात, हळद निघाल्यावर बघू!" शालूबाईनं ठणकावलं. "माणिकरावानं त्याच दिशी पोतं धाडलं. मंग मेंढरं कुठं बसवू, तुमीच सांगा."

मंजुळाबाईला हसू आवरेना. कोमलनं ओढणी तोंडाला लावली. पुंजाजीनं पायाच्या अंगठ्यानं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाला, "चुकलं वैनी. पन जेसीबी न्हाई घालू देनार वावरात. आधीच सांगतो."

"जेसीबी कुनाला पायजे? हात हायत की आमाला."

आषाढात चार दिवस उघाड मिळाली. सारी वस्ती टिकाव-फावडी घेऊन उतरली आणि वाफ्यांमधल्या सरीतून हातानं चर खोदून पाइप वर वस्तीपर्यंत नेला. पुंजाजी मागं मागं ओरडत फिरत होता, "आरं, कोंब जपून! देवाचं पीक हाय ते!" पण दुपारी त्यानंच मंजुळाबाईकडून सगळ्यांना भाकरी आणि ठेचा आणवला, आणि यंदा मेंढरं सगळ्यात आधी आपल्याच वावरात बसणार, हे चारचौघांत तीनदा वदवून घेतलं.

नळ सोडला तेव्हा आधी नुसती हवा फुसफुसली. पोरं हिरमुसली. मग लाल गढूळ पाणी आलं, मग फेसाळ, आणि मग निवळशंख. शालूबाईनं ओंजळभर तोंडात घेतलं, चूळ भरली, दुसरी ओंजळ प्याली आणि म्हणाली, "आलं बाई. जा आता."

कोमलनं टेकडीवरून देवळाच्या दिशेनं हात जोडले.

श्रावणात ती निघाली त्या सकाळी सारा गाव फाट्यावर जमला. शिवहार बॅगा गाडीत कोंबत होता. पुंजाजी गर्दीतून पुढं आला.

"पोरी, तिकडं वावराला पानी कसं देतात, ते बराबर बघून ये."

"मामा, तिकडची बरीचशी जमीन समुद्राच्याही खाली आहे. तिथं पाणी द्यावं लागत नाही, जास्तीचं झालेलं बाहेर काढावं लागतं."

पुंजाजीनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "बाहेर काढतात? पानी?"

"हो."

"आन मंग टाकतात कुठं?"

"समुद्रात."

"येडे हायत का काय!" पुंजाजी म्हणाला. "जा तू, जा लौकर. समजावून सांग त्यायला."