भिंगरीभाऊंचा हुकूम

भिंगरीभाऊंना बसून अख्खा चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. अर्धा कप टेबलाशी, अर्धा दारात, असा कारभार. सगळी नोकरी लाइनमन म्हणून विजेच्या खांबांवर गेली, त्यामुळे जमिनीवर पाय ठरत नाहीत, असं ते स्वतःच सांगायचे. अकोल्यात जुन्या शहराकडून मोर्णेचा पूल ओलांडला की आमचा बार लागतो. वडिलांनंतर गल्ल्यावर मी बसतो. भाऊ दिवसातून चारदा यायचे, प्यायचे मात्र नुसता चहा, नाहीतर सोडा. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "बसाले कोणाले टाइम हाय बे?" रिटायर होऊन सहा वर्षं झालेला माणूस हा!

एका उन्हाळ्यात त्यांनी डोक्यात घेतलं की बारमध्ये मेंढीकोटची स्पर्धा भरवायची. रविवारची दुपार, सोळा गडी, आठ जोड्या. पैसा लावायचा नाही, जिंकणाऱ्या जोडीला किलोभर चिवडा. मी म्हटलं, "भाऊ, पोलीस जुगार समजतील." ते तडक ठाण्यात विचारायला गेले आणि येताना दोन हवालदारांची नावं खेळाडू म्हणून लिहून आणली. पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला वात आणला. टेबलं इकडची तिकडे, तिकडची इकडे. माझा वेटर म्हणाला, लग्नाला एवढी धावपळ नसते.

खरं कारण मग कळलं. मूर्तिजापूरचे वानखडे सर अकोल्याच्या शाळेत शिकवायला होते तेव्हा ते आणि भाऊ भिडू होते. मेंढीकोटात समोरासमोरचे दोघे भिडू, आणि दहाचं प्रत्येक पान, म्हणजे मेंढी, आपल्याकडे ओढायची धडपड. सर पानन् पान मोजून खेळणारे. भाऊंना तेवढा धीर कुठला? आठ वर्षांपूर्वी सरांनी टाकलेला राजा जिंकतच होता. भाऊंनी घाईत त्यावर आपला शेवटचा हुकूम मारला. हात घरातच आला, पण पुढची मेंढी गेली आणि डावही गेला. सर पत्ते ठेवून उठले. "तुले माह्या पानावर भरोसा नाही," एवढंच म्हणाले. पुढे गावी गेले ते गेलेच. भाऊंनी हे मला उभ्यानंच सांगितलं, आणि फोन माझ्या हातात दिला. "तू बोलाव त्याईले. माहं नाव घेऊ नको."

रविवारी पंधरा जण वेळेवर आले. जोड्या चिठ्ठ्या काढून ठरल्या. भाऊंची चिठ्ठी तेवढी निघाली नव्हती, आणि सरांचा पत्ता नव्हता. भाऊ दारात, मग रस्त्यावर, मग पुन्हा आत. गाडी लेट असेल, असं मला पाच वेळा सांगून झालं. त्यांचा चेहरा पाहून मलाच धास्ती वाटली, की मी फोनवर काही चुकीचं तर बोललो नाही ना.

सर आले ते पाऊण तास उशिरा. भाऊंनी घाईघाईनं चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. सरांनी एक उघडली. मग दुसरी, मग तिसरी. तिन्हींवर भाऊंचंच नाव. "मले काय येडा समजतं का?" सर म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. समोर भाऊ बसले. आमच्या बारमध्ये ते बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पहिल्या फेरीचा शेवटचा डाव अडला होता. सरांनी बदामाचा राजा टाकला. भाऊंकडे बदाम संपलेला, हातात एकच हुकूम. टेबलाखाली त्यांचा गुडघा असा हलत होता की सोड्याचे ग्लास वाजायला लागले. सर त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. भाऊंनी हुकमाला बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं, आणि चौकटची तिरी टाकली. राजा टिकला. सरांनी मग इस्पिक खेळलं, विरुद्ध जोडीतल्या हवालदाराची एकटी मेंढी बाहेर पडली आणि भाऊंनी ती हुकमानं उचलली. पुढच्या फेरीत दोघांनी सपाटून मार खाल्ला, पण ते दीड तास खुर्चीतून हलले नाहीत.

त्याच वर्षी दिवाळीआधी भाऊ झोपेतच गेले. त्यातही घाईच. मला फार राग आला त्यांचा, अजून येतो.

स्पर्धा मी बंद पडू दिली नाही. यंदा सर आले आणि म्हणाले, माझा भिडू तूच. सरांनी राजा टाकला तेव्हा माझाही हात हुकमाकडे गेला होता. मी थांबलो, लहान पान टाकलं. जिंकलेल्या हाताची पानं उचलून सरांनी ती सारखी करून ठेवली.

"त्याले थांबाले आठ वर्षं लागले," ते म्हणाले. "आन मंग खेळाले एकच दुपार भेटली."