अंगठ्याने बघायची धार

इतरांच्या धंद्यात किस्से साठतात, आमच्या धंद्यात टाके! लालबागच्या गाळ्यात आम्ही तिघं हाताने सुऱ्या घडवतो: दत्ताकाका, संदेश आणि मी. हसा तुम्ही, पण रोज शटर उघडलं की मी आधी मलमपट्टीचा डबा बघते. माझ्यासाठी नाही हो, काकांसाठी. त्यांना शुगर आहे, बोटं बधिर होत चाललीत आणि हा माणूस धार अजून अंगठ्यानेच बघतो!

संदेश बँक सोडून आमच्याकडे आला, त्याचा पहिला दिवस. त्याने सुरी माझ्या हातात द्यायला पुढे केली. काका ओरडले, "हातात नको रे, भांडण होतं! खाली ठेव!" तो असा दचकला की सुरी सुटली आणि त्याच्याच चपलेत, दोन बोटांच्या मधे उभी राहिली! काका म्हणाले, "चला, भांडण तरी टळलं."

मग त्याने ऑनलाइन ग्राइंडर मागवला. "पाच मिनिटांत धार, काका!" ठिणग्या उडाल्या, पातं निळं पडलं. काकांनी कपाळावर हात मारला, "मेल्या, पाणी उतरलं तिचं!" म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. संदेशने घाईघाईत पिण्याची बाटली तिच्यावर ओतली! चर्रकन वाफ माझ्या तोंडावर. माझी किंकाळी मसाल्याच्या गल्लीपर्यंत गेली.

शहाणपणा मीही केलाय. माहीमच्या मासेवाल्या मावशीची सुरी सगळ्यात बारीक दगडावर आरशासारखी केली. तिने इथेच सुरमईवर चालवली, तर सुरी कातडीवरून घसरून थेट तिच्या मनगटापाशी! "गो बाय, सुरी मागितली, साबण नाय!" मासळीला जाड दगडाची खरखरीत धार लागते.

त्या दिवसापासून मी काकांसमोर वर्तमानपत्र धरते. "काका, धार कागदावर बघा ना. डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला सुरी करता येते?"

मी वर्तमानपत्राची घडी घालते.

आणि हा गेल्या मंगळवारचा किस्सा. एका शेफची सुरी. जाड दगड, बारीक दगड, शेवटी चामड्याचा पट्टा. कागद नुसता टेकवला तरी कापला जात होता! काकांनी डोळे मिटून अंगठा फिरवला.

"बोथट आहे."

मी परत पट्ट्यावर घेतली. परत अंगठा.

"अगं, काहीच लागत नाही!"

तिसऱ्यांदा त्यांनी जरा दाबून फिरवला. संदेशच्या हातातला चहा तसाच राहिला. मी वर्तमानपत्र त्यांच्या अंगठ्याखाली धरलं.

काकांचे डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, "आणि पातं पुसून देत जा गं. ओलं लागतंय."