आप्पांच्या नावाखाली ‘पुणे’

पुण्याच्या नोकरीवर हजर व्हायला मी निघाले, त्या सकाळी आप्पा मला बेळगावच्या स्टँडवर सोडायला आलते. गाडी सुटेपर्यंत ते इंग्रजी पेपरातलं वाचकांच्या पत्रांचं पान बघत उभे होते. “याही खेपेला न्हाय छापलं,” म्हणाले आणि खिडकीतून भाकरी-चटणीचं पुडकं माझ्या हातात दिलं. लेक घर सोडून चाललीय आणि यांचं लक्ष पेपरात, म्हणून मी निपाणी येईपर्यंत फुगून बसले होते.

हिंडलग्याच्या पुढं आमचं लहानसं गाव. तिथल्या मराठी शाळेत आप्पा मास्तर होते. निवृत्त झाल्यावर ते देशभर जाणाऱ्या त्या पेपरला पत्रं लिहू लागले. पंचायतीच्या नोटिसा फक्त कानडीत येतात, यावर तर कितीदा लिहिलं असेल. आई म्हणायची, “तुमाला कानडी येतंय की!” त्यावर आप्पा म्हणायचे, “मला येतंय. शेजारच्या म्हातारीला न्हाय येत. तिनं काय करायचं?”

तुमच्यापैकी जे खानापूर-निपाणीकडून इकडं पुण्यात आलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. गावी आपण मराठी म्हणून वेगळे, आणि इथं ऑफिसात कुणीतरी कौतुकानं म्हणतं, “कर्नाटकातली ना तू? मराठी छान बोलतेस!” पहिल्यांदा मी हसले होते. आता हसू येत नाही.

पुढं आप्पांची नजर गेली. ते फोनवर सांगायचे, मी टाइप करून मेल करायची. अशातच मुलं कमी झाली म्हणून गावची शाळा बंद होणार असं कळलं. आप्पांनी त्या पत्रात जीव ओतला. चार वेळा मोडून पुन्हा सांगितलं. खाली त्यांचं नाव, गाव, बेळगाव, सगळं मी नीट लिहिलं होतं.

आणि ते छापून आलं. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोनवर वाचून दाखवलं. बरंच कापलं होतं, तरी आप्पा “व्हय, व्हय” करत होते.

“खाली गाव घातलंय न्हवं?”

 मेलच्या तळाशी माझ्या ऑफिसचा पत्ता होता, तोच बघून पेपरवाल्यांनी आप्पांच्या नावाखाली ‘पुणे’ छापलं होतं. खोटं बोलवेना. सांगितलं.

 आप्पा म्हणाले, “पुण्याच्या माणसाला आमच्या शाळंचं काय पडलंय, असंच म्हणतील की गं सगळे.”

दुरुस्तीसाठी मी मेल केले, फोन केले. दुरुस्ती आली नाही. उन्हाळी सुट्टी संपली तेव्हा गावच्या शाळेला कुलूप होतं. मुलं आता रिक्षात कोंबून लांबच्या शाळेत जातात.

“दुसरं पत्र सांगा आप्पा, मी पाठवते,” मी म्हटलं.

“कुठल्या गावचा म्हणून लिहू?”



त्यांनी पेपर बंद केलाय. रविवारी फोन केला की गुडघा, जेवण, ऊन एवढंच बोलतात. मी मुद्दाम काहीतरी चुकीचं, चिडवणारं बोलते. ते म्हणतात, “असंल बाई.” घर तिथंच आहे, मागं आईचा आवाजही येतो. पण साऱ्या जगाशी भांडणारा माझा बाप आता माझ्याशीसुद्धा वाद घालत नाही.