'आलो' म्हणणारा ड्रायव्हर

मशीन तयार झालं की ट्रकमध्ये बसून निघून जातं, किस्से मात्र ऑफिसातच राहतात. आमच्या सातपूरच्या छोट्या कंपनीत तर ते इतके साचलेत, की नवीन कुणी जॉईन झालं की चहासोबत ऐकावेच लागतात!

मशीन होतं नवजात बाळांना ऊब देणारं. चालू केलं की कधीकधी त्याची स्क्रीन काळीच राहायची. आतल्या प्रत्येक पार्टला जागं करणारा एक छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. आमच्या स्क्रीनचा ड्रायव्हर वीज देणाऱ्या चिपच्या आधीच उठायचा आणि वीज नाही म्हणून परत झोपायचा!

"रीस्टार्ट केलं की येते ना?" निखिल म्हणाला. तो टीममध्ये नवा.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात, म्हणजे कर्नलमध्ये, हात घालणारी आमच्यात एकच, शबाना. ती शांतपणे म्हणाली, "बाळाच्या खोलीत 'रीस्टार्ट करून बघा' असं सांगायचं?"

त्यानंतर तो शब्द कुणी काढला नाही.

*

आमचे बॉस कांबळे सर गेटपाशी उभे राहून फोनवर ओरडत होते, "अहो, एक ड्रायव्हर लवकर उठतो, दुसरा वेळेवर उठतच नाही!"

फोन ठेवल्यावर वॉचमन काका हळूच जवळ आले. "सर, माझा मेव्हणा हाय. लय टायमावर उठतो. लायसन पण हाय."

*

मी टेस्टिंगला. दिवसभर मशीन चालू करायचं, बंद करायचं, स्क्रीन आली का बघायचं. सासूबाई शेजारी सांगतात, "इंजिनियर आहे आमची सून. बटणं दाबते!"

*

स्क्रीनचा ड्रायव्हर नक्की कधी उठतो हे कळावं म्हणून निखिलनं त्यात एक ओळ टाकली. ड्रायव्हर उठला की जोडलेल्या लॅपटॉपवर 'आलो' असं छापून यायचं. आणि काय आश्चर्य, स्क्रीन दर वेळी यायला लागली! पेढे मागवले. ओळ काढली, स्क्रीन पुन्हा काळी!

शबाना हसत सुटली. "अरे, 'आलो' छापायला वेळ लागतो. तेवढ्यात ती चिप तयार होते!"

कांबळे सर डोकं धरून बसले. "म्हणजे अख्खी कंपनी एका 'आलो'वर चाललीय?"

*

थंडीत बिघाड वाढायचा. गारठ्यात ती चिप आणखी उशिरा जागी होते, असा शबानाला संशय होता. पण आमचा एप्रिल चालू! तिनं सर्किट बोर्ड डब्यात घातला आणि कँटीनच्या फ्रिजमध्ये ठेवला.

दुपारी कँटीनच्या मावशी डबा घेऊन थेट वर आल्या. "कुणाच्या बायकोनं दिलाय हा? नुसत्या वायरी!"

*

मग शबानानं ड्रायव्हरांना एकमेकांसाठी थांबायला शिकवलं. पहिल्या प्रयत्नात स्क्रीन चिपसाठी थांबली आणि चिप स्क्रीनसाठी. मशीन जागचं हलेना!

"दोन व्याही आहेत हे," कांबळे सर म्हणाले. "'आधी तुम्ही बसा', 'छे छे, आधी तुम्ही'. आणि पंगत गार!"

वैतागून शबाना दोन दिवस येवल्याला घरी गेली. तिचे अब्बा पैठणी विणतात. तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. एक गोष्ट चुकून आधी झाली, की सगळं उसवून पुन्हा लावायचं, वगैरे.

अब्बांनी माग थांबवला. "मग इथं मागावरच काय वाईट होतं, बेटा?"

परत आली ती हसतच. आठवडाभरात चिप आधी, स्क्रीन नंतर, असं चोख बसलं. फ्रिजमधून काढलेल्या गार बोर्डवरही!

*

हॉस्पिटलमधला डेमो. हा फसला तर ऑर्डर गेली आणि ऑर्डर गेली तर आम्हीही. बूट बाहेर काढून सगळे बाळांच्या खोलीत गेलो. मशीन एका रिकाम्या कोपऱ्यात लावलं. बटण दाबायला मी हात पुढे केला, तर कांबळे सरांनी थांबवलं आणि शबानाकडे बघितलं.

तिनं दाबलं. स्क्रीन आली. बंद केलं, पुन्हा दाबलं. आली. डॉक्टरांनी प्लगच उपटला, परत लावला. आली!

निखिलनं टाळी वाजवली. मग मी. मग कांबळे सर, अगदी दणादण, डोळ्यांत पाणी.

पलीकडच्या पाळण्यापाशी उभी असलेली सिस्टर गर्रकन वळली. "श्श्! आत्ता कुठं झोपलंय!"

सरांचे हात हवेतच थांबले. पाय न वाजवता ते बाहेर गेले, बूट उचलले आणि तीन जिने उतरून थेट पार्किंगमध्ये जाऊन घातले.