बाबू मेस्त्रींना न कळलेला आवाज

बाबू मेस्त्री गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसत. चावी घेत, मालकाला शेजारी बसवत, काचा वर करत आणि मांडवीच्या रस्त्याला गाडी काढत. त्या फेरीत मालकाने तोंड उघडायचं नाही. एका वकीलसाहेबांनी उघडलं, तर मेस्त्रींनी भर उन्हात गाडी थांबवली. "तुमचा ऐकू की गाडीचा? उतरा!" साहेब चालत गॅरेजवर आले.

माणूस भयंकर तापट. इंजिनाचा लाल दिवा दिसू नये म्हणून एकाने त्यावर देवाचा फोटो चिकटवला होता. "मेल्या, देव काय ऑइल घालायला येणार हाय?" आणि आम्हा रत्नागिरीकरांची तर सबब ठरलेली. काहीही करकरलं की म्हणायचं, खाऱ्या वाऱ्याने होतं. हे ऐकलं की मेस्त्री पाना आपटत. "वाऱ्यावर ढकलू नको! ब्रेकचे पॅड संपले तुझे. संपत आले की ओरडावेत म्हणूनच पत्र्याची पट्टी ठेवलेली असते त्यात."

त्यांच्या शिव्या मी पुष्कळ खाल्ल्या. आज मात्र मला स्वतःलाच घालायच्या आहेत.

आंब्याच्या दिवसांत आमच्या बागेतल्या पेट्या मी गाडीतून आणायचो. डिकी आणि मागची सीट भरली की उरलेली पेटी पुढच्या सीटवर. वजन पडलं की गाडीला वाटतं माणूस बसलाय, आणि पट्टा लावा म्हणून ती कोकलत राहते. त्यावर इथले लोक काय करतात, तर बाजारात एक खोटी क्लिप मिळते, ती पट्ट्याच्या खाचेत अडकवतात. गाडी गप्प! मीही अडकवली. सर्व्हिसिंगच्या वेळी मेस्त्रींनी ती पाहिली, उपटली आणि गटारात भिरकावली. "पेटीलाच पट्टा लाव ना! हात झिजतात काय?" चार गिऱ्हाइकांसमोर बोलले म्हणून माझं डोकं फिरलं. हा कोण मला अक्कल शिकवणारा? दुसऱ्याच दिवशी मी नवी क्लिप आणून बसवली.

माझ्या आईला पट्ट्याची आठवण राहत नसे. मेस्त्रींनीच तिला सांगून ठेवलं होतं, "काकू, गाडी वाजली की पट्टा ओढायचा. नाय वाजली तर समजा सगळा बरोबर हाय." आई ते इमानाने पाळायची. त्याच आठवड्यात मी तिला दवाखान्यात नेत होतो. क्लिप खाचेतच होती. गाडी वाजली नाही, आईने पट्टा लावला नाही. भाट्याच्या पुलाजवळ गाय आडवी आली, मी गाडी वळवली आणि ती कठड्यावर आदळली. आईचं तोंड काचेवर आपटलं. तिचा उजवा डोळा गेला.

लोक तिला बाहेर काढत होते तेव्हा मी क्लिप उपटून खाडीत फेकली. होय, आधी ते केलं.

गाडी मेस्त्रींकडे गेली. ते पुढच्या सीटवर बसले. गाडी वाजली. उठून पुन्हा बसले, पुन्हा वाजली. "आता वाजते. ती क्लिप तर मी गटारात टाकलेली. मग तेव्हा का नाय वाजली?" त्यांनी सीट उसवली, वायर न् वायर तपासली, आईच्या वजनाचं तांदळाचं पोतं ठेवून फेऱ्या मारल्या. दर वेळी वाजली. मग आमच्या घरी येऊन आईसमोर हात जोडून बसले. "काकू, मी तपासून दिली होती. माझ्या हातून काय राहिला, कळत नाय." आईच त्यांची समजूत काढत होती. मी तिथेच बसून चहा पीत होतो. काय म्हणावं माझ्यासारख्या माणसाला?

मेस्त्रींनी हळूहळू गाड्या घेणंच बंद केलं. "मला आता आवाजातला कळत नाय," म्हणत. पुढे दुखण्याने अंथरूण धरलं, तेव्हा मी भेटायला गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"खरा सांग. वाजलीच नाय ना? की वाजली, आणि काकूंनी ऐकला नाय?"

किती आशेने विचारलं त्यांनी! मी खाली बघत म्हणालो, "नाही वाजली, मेस्त्री."

"म्हणजे माझाच चुकला," ते म्हणाले आणि त्यांनी मनगट सोडलं.

चार दिवसांनी ते गेले. लाज नाही मला, खांदाही दिला.