टोप्यांची अदलाबदल

माझ्या हातून आजवर मूर्खपणे कमी झालेले नाहीत, पण सगळ्यात मोठा मी खंडेनवमीच्या सकाळी, न्हाऊनमाखून, अगदी भक्तिभावानं केला. नवऱ्याच्या रेसच्या इंजिनाचे दोन कनेक्टिंग रॉड मी चिंचेनं घासून लखलखीत केले.

ती बाई, म्हणजे मीच, तेव्हा पंचेचाळिशीची होती. घोडी म्हणावी असं वय, पण डोक्यात नुसती चकाकी. आमचे हे वाळूजच्या कंपनीत फिटर. सुट्टीच्या दिवशी अंगणातल्या पत्र्याखाली छोट्या गाडीचं इंजिन खोलून बसायचे. चार चाकं, एक सीट, न छत न दार, अशी ती गाडी. हर्सूलच्या पुढं मोकळ्या माळावर त्यांच्यासारख्याच वेड्यांची शर्यत लागायची. इंजिन हे बांधायचे, गाडी माझा धाकटा दीर पळवायचा.

ते रॉड जुन्या काळचे, खास रेससाठी केलेले. आता कुणी बनवत नाही. दोन वर्षं चिठ्ठ्या पाठवून, फोन करकरून यांनी ते मिळवले होते. एक चढवायचा, एक अडीनडीला राखून ठेवायचा. रॉडच्या खालच्या टोकाला गोल भोक असतं, ते दोन तुकड्यांचं. अर्धं रॉडला, अर्धी सुटी टोपी. मधे इंजिनाचा दांडा फिरतो. यांनी सगळी मापं घेऊन प्रत्येक टोपी तिच्या तिच्या रॉडला सुतळीनं बांधून ठेवली होती.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची. पाने, हातोड्या, पक्कड, सगळं पाटावर. त्यात ती तेलकट सुतळी माझ्या डोळ्यांत खुपली. देवापुढं असलं कळकट काही ठेवायचं? कापली सुतळी. चारी तुकडे परातीत टाकून घासले, पुसले, लाल दोऱ्यानं पुन्हा जोड्या बांधल्या, वर हळदकुंकू. कुठली टोपी कुठल्या रॉडची, हा प्रश्नच पडला नाही. सारख्याच तर दिसत होत्या! आणि हीच बाई स्वयंपाकघरात एका डब्याचं झाकण दुसऱ्याला लागलं की घर डोक्यावर घ्यायची. "ज्याचं झाकण त्यालाच," हे माझं वाक्य तर पाहुण्यांनासुद्धा पाठ होतं.

दसऱ्यानंतर यांनी रॉड चढवला. मापं आधीच घेतलेली, म्हणून पुन्हा घेतली नाहीत. हातानं इंजिन फिरवून बघितलं. "जरा जड वाटतंय," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नवं काम हाय, बसंल."

रविवारी तिसऱ्या फेरीला रॉड मोडला. इंजिन जागच्या जागी अडकलं, गाडी मुरमाच्या ढिगावर चढली, दिराच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात हे त्याच्या उशाशी बसून एकच सांगत होते, "बोल्ट मीच कमी-जास्त आवळले. दुसरं काय असणार?" दीर म्हणाला, "दादा, टोपी चुकीची तर नव्हती?" "मी माझ्या हातानं जोड्या बांधल्यात रं. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाय, हे मला काय ठाऊक नाय?"

मी संत्रं सोलत होते. फोड हातातच राहिली.

तेव्हा बोलले असते तर एका संध्याकाळचं भांडण झालं असतं. पण त्या शहाणीनं काय केलं? घरी येऊन उरलेला रॉड, त्याच्या चुकीच्या टोपीसकट, भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. पुरावाच नको! हे तीन दिवस तो रॉड शोधत होते. मीही बरोबर शोधत होते, पलंगाखाली वाकून वगैरे. नाटकातच जायला हवं होतं मी.

त्यानंतर यांनी हत्यारांची पेटी बंद केली. कुणी इंजिन दाखवायला आणलं तरी लांबूनच सांगायचे, "माझ्या हाताचा भरवसा नाय राहिला." नळाचा वॉशरसुद्धा बाहेरच्या माणसाकडून बदलायचे. दर वेळी मला वाटायचं, आत्ता सांगावं. दर वेळी कुकरची शिट्टी व्हायची. शिट्टी नसेल तर मी लावायची.

आता दीर टकलू झालाय, तरी गेल्या वर्षी त्यानंच हट्ट धरला. "दादा, मरायच्या आत एकदा ते इंजिन चालू कर." हे म्हणाले, "रॉड कुठाय?" मी म्हटलं, "मी आणते." दोघंही हसले.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात विचारलं, तर तो पोरगेला मालक म्हणाला, "आजी, मिक्सरचा पार्ट हवाय का?" मी म्हटलं, "मिक्सर तुझ्या आईला विचार, मला रेसचा रॉड दाखव." त्यानंच मग सिल्लोडच्या एका म्हाताऱ्या पंप मिस्त्रीचा पत्ता दिला. एसटीनं गेले. त्या मिस्त्रीचाचांनी बिस्किटांचा गंजका डबा उपडा केला, तळाशी फडक्यात गुंडाळलेला तसलाच रॉड. टोपी तारेनं घट्ट बांधलेली. मी सवयीनं तारेला हात घातला तर ओरडले, "नक्को अम्मा! इनका निकाह हुआ हुआ है, अलग नक्को करो." मला तिथंच रडू फुटलं. चाचांना वाटलं, मला त्यांचं बोलणं लागलं. बिचाऱ्यांनी घाईघाईनं चहा मागवला.

यांनी रॉड मापला. तीन-तीनदा मापला. चेहरा असा उजळला की मला बघवेना. दीर बाजूला बसून एकेक बोल्ट पुसून देत होता. टोपी बसली, दांडा लोण्यासारखा फिरला. आता शेवटचं आवळणं राहिलं, आणि यांनी पाना दिरापुढं केला. "तू आवळ. माझ्या हातानं नको."

त्या वेळी कुकर गॅसवर नव्हता.

मी सांगितलं. चिंच, सुतळी, लाल दोरा, भंगाराचं पोतं, सगळं. दीर गळ्याजवळचं ते जुनं हाड चोळू लागला. यांनी दोन्ही तळवे उताणे करून बराच वेळ पाहिले, जणू कुणा दुसऱ्याचेच होते. मग दिराच्या हातातला पाना परत घेतला, बोल्टला लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"वीस वर्षं मी ह्या हातांना शिव्या घातल्या, अन् तू शेजारी बसून ऐकत होतीस. जा, चहा टाक. आणि साखर काढलीस की ज्याचं झाकण त्यालाच लाव."