दांडा कुणी ओढायचा

ट्रकवर मोर काढून काढून मी विटलोय. मी पेंटर. धुळ्याच्या हायवेला शालिग्राम मिस्त्रीच्या बॉडी बांधायच्या शेडला लागूनच माझं दुकान. लाकूड वाहणाऱ्या मालकांना मोर हवा, गोंडे हवेत, सुरातला हॉर्न हवा. ओंडके मात्र दोराने आवळायचे आणि देवाचं नाव घेत चाळीसगावचा घाट उतरायचा. शिसारी येते नुसती.

शालिग्रामला तर जास्तच यायची. माणूस तोंडाचा फटकळ आणि आपल्या कामाचा भारी गर्व. ओंडके घरंगळू नयेत म्हणून त्याने बॉडीला दोन्ही बाजूंनी लोखंडी खांब लावले, तर हमाल ओरडले. आपल्याकडे फळ्या टेकवून ओंडके बाजूनेच वर लोटतात, त्याला खांब आडवे येतात. मालक ते सरळ गॅसने कापून टाकत. मग त्याने क्लीनरसाइडचे खांब बिजागरीवर बसवले आणि ते सोडायचा दांडा ठेवला ड्रायव्हरसाइडला. ओंडके एका अंगाला कोसळणार, ओढणारा दुसऱ्या अंगाला सुखरूप.

जळगावच्या प्रेमराजशेठनी असा ट्रक बांधायला दिला. तो चालवणार आणि दांडा ओढणार त्यांचा जुना ड्रायव्हर सुकदेव. शेठनी ट्रक बघितला आणि नाक मुरडलं.

"वखारीत ड्रायव्हरसाइड भिंतीला लावतो आम्ही. पलीकडे जाणार कोण? दांडा इकडेच घ्या."

शालिग्राम भांडला. शेठ म्हणाले, "तुम्ही नाही, तर दुसरा करेल." मग त्याने मुकाट्याने दांडा क्लीनरसाइडला, ओंडके कोसळायच्या अंगाला आणला. मला त्याचीही किळस आली, खोटं कशाला बोलू?

पूजेला ट्रक निंबाचे ओंडके भरून उभा केला. नारळ फुटला. शेठच्या घरची रीत अशी, की नव्या गाडीचा पहिला माल मालकाने उतरवायचा.

"चला शेठ, ओढा," शालिग्राम म्हणाला.

शेठनी दांड्याला हात घातला आणि मान वर केली. डोक्यावरच ओंडके रचलेले. हात मागे आला.

"सुकदेव, तूच ओढ रे. तुझा हातगुण चांगला," शेठ हसत म्हणाले. आणि तो गाढव खरंच पुढे निघाला!

शालिग्राम पचकन थुंकला. त्याने सुकदेवला कॉलर धरून मागे खेचलं.

"शेठ, तुमना जीव तो जीव, आनि हाऊ काय लाकूड शे?"

शेठ रुमालाने उगाच कुंकवाची बोटं पुसत राहिले.

"दांडा बसवा परत तिकडेच," ते शेवटी म्हणाले. सुकदेवकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.